एक्क्यांची जोडी

पत्ते हे आपल्या मराठी घरांना परके नाहीत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या नांदत आलेल्या आपल्या कुटुंबांनीही मे महिन्याच्या सुटीतील लांबलचक दुपारी आणि कोजागिरीच्या जागरणाच्या रात्री मेंढीकोट, झब्बू, बदाम सात आणि पाच-तीन-दोन यांच्या संगतीत घालविल्या आहेत. पाने वाटून झाली की प्रत्येक जण ती हळूच उलगडून पाहतो, आणि हुकमाचा एक्का हाती लागला की लहान मुलाचा चेहराच सारे सांगून टाकतो. मोठी माणसे चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, इतकेच. आत उकळी फुटलेली असतेच. चांगली पाने आली म्हणजे डाव आपलाच, ही समजूत लहानथोरांच्या मनात सारखीच रुजलेली आहे.

या समजुतीची खरी कसोटी जर कोठे लागत असेल, तर ती पोकर या खेळाच्या स्पर्धांत. हे नाव आता आपल्याही घरांत ऐकू येऊ लागले आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो-जहाजांवर हा खेळ चालतो. परदेशी गेलेले भाचे-पुतणे सुटीवर आले की त्याच्या गोष्टी सांगतात. महाविद्यालयात शिकणारी मुले आपापसांत त्याची परिभाषा बोलतात. ज्या खेळाचे नाव मुलांच्या तोंडी आहे, त्याचे अंतरंग वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले बरे. म्हणून या खेळातील एकच प्रश्न येथे घेतला आहे: हाती बलवान पाने आली असता माणसाने काय करावे? प्रश्न दिसतो सोपा. परंतु त्याच्या उत्तरात या खेळाचे सारे मर्म साठविलेले आहे.

खेळाची घडण

पोकरच्या अनेक प्रकारांपैकी सध्या सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. यात प्रत्येक खेळाडूला दोन पाने पालथी मिळतात. ती फक्त त्यानेच पाहावयाची. पुढे टेबलाच्या मध्यभागी प्रथम तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडी मांडली जातात. ती सर्वांची सामायिक. हातातली दोन व मांडलेली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची रचना सर्वांत श्रेष्ठ, तो डावाचा धनी. पाने वाटल्यावर आणि नवी पाने उघडली जातील तेव्हा तेव्हा, अशा चार वेळा चाल होते. तीनपत्ती जाणणाऱ्यास ही चाल समजावून सांगावयास नको: भरावी, वाढवावी, नाहीतर पाने टाकून डाव सोडावा. डाव अगदीच रिकामा राहू नये म्हणून दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच ठराविक रक्कम लावावी लागते; तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात.

स्पर्धेत प्रत्येक जण प्रवेशशुल्क भरतो आणि त्याला सारख्याच चिप्स मिळतात. ठराविक वेळाने ब्लाइंडची रक्कम वाढत जाते, त्यामुळे नुसते हातावर हात ठेवून बसणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजत जातात. ज्याच्या चिप्स संपल्या तो स्पर्धेतून बाद. बक्षीस साधारणतः शंभरांतील पहिल्या पंधरा जणांना मिळते. उरलेले पंच्याऐंशी जण शुल्क गमावून घरी जातात. हा हिशेब आरंभीच लक्षात ठेवलेला बरा.

अशा स्पर्धांची गंगोत्री अमेरिकेतील लास व्हेगास या शहरात आहे. तेथील ‘हॉर्सशू’ या कॅसिनोचा मालक बेनी बिनियन याने १९७० साली नामांकित खेळाडूंना एकत्र बोलाविले. त्या वर्षी विजेता ठरला तो चक्क खेळाडूंच्या मतांनी, आणि तो मान जॉनी मॉस याला मिळाला. १९७१ पासून चिप्स संपेल तो बाद, ही पद्धत आली. १९७२ पासून मुख्य स्पर्धेचे शुल्क १० हजार डॉलर झाले. २००३ साली टेनेसी राज्यातील एका हिशेबनिसाने ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. त्याचे आडनाव खरोखरच मनीमेकर! त्या एका विजयाने जगभरच्या हौशी लोकांना या खेळाचे वेड लावले. २०२४ साली मुख्य स्पर्धेत १०,११२ जण उतरले होते.

बलवान म्हणजे किती बलवान?

बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारांनी मिळू शकतात. त्यांतील एक्क्यांच्या जोड्या सहाच. म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा ही जोडी हाती येते. राजांच्या, राण्यांच्या किंवा गुलामांच्या जोडीचेही प्रमाण तेच. एक्का आणि राजा अशी पाने सुमारे ८३ डावांत एकदा येतात. समोरासमोर बसून खेळताना पाने हाताने पिसून वाटावयाची असल्यामुळे तासाला पंचवीस-तीस डावच होतात. याचा अर्थ असा की, दहा तास टेबलाशी बसलेल्या माणसाला एक्क्यांची जोडी दिवसातून जेमतेम एकदा दिसावयाची. इतकी वाट पाहावयास लावणारे दैव जेव्हा प्रसन्न होते, तेव्हा माणसाचा तोल जावा यात नवल नाही.

आता या जोडीचे बळ मोजून पाहू. समोर एकच प्रतिस्पर्धी असेल आणि त्याची पाने कोणतीही असतील, तर एक्क्यांची जोडी शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकते. चार प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत टिकले तर हे प्रमाण सुमारे ५६ वर येते. आठ जण टिकले तर ते सुमारे ३५ एवढेच उरते! पाने तीच, एक्के तेच. फक्त समोरची माणसे वाढली. एकेकट्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा तेव्हाही आपलीच बाजू भक्कम असते. परंतु आठांपैकी कोणी ना कोणी पुढे निघून जाण्याचा संभव मात्र फार वाढलेला असतो.

बलवान पाने कशी खेळावीत या प्रश्नाचे पहिले उत्तर याच आकड्यांत आहे. आरंभीच चाल वाढवावी, म्हणजे दुबळी पाने घेऊन फुकटात पुढे येऊ पाहणारे गळतात आणि लढत एकदोघांशी उरते. किती वाढवावी, यालाही प्रमाण आहे. मोठा ब्लाइंड २०० चिप्सचा असेल, तर ५०० ते ६०० ची चाल साधारण योग्य ठरते. आधीच कोणी नुसते ब्लाइंडइतके भरून बसले असतील, तर थोडी अधिक. दिवसभर वाट पाहून अधीर झालेला खेळाडू एकदम सारा ढीग पुढे लोटतो. सगळे घाबरून पाने टाकतात आणि त्याच्या पदरात नुसते ब्लाइंड पडतात. दुसरा स्वतःला धूर्त समजणारा खेळाडू गप्प राहून सर्वांना आत येऊ देतो आणि अखेर कोणाच्या तरी सत्ती-अठ्ठीकडून मार खातो. पहिल्याला भीतीने ग्रासलेले असते, दुसऱ्याला हावेने.

जोडी एक्क्यांची नसेल, तर सावधपणाची मात्रा वाढवावी लागते. राजांची जोडी हाती असता, नऊ जणांच्या टेबलावर दुसऱ्या कोणाजवळ एक्क्यांची जोडी असण्याचा प्रसंग पंचवीस वेळांत एकदाच येतो. त्या भयाने राजे टाकून देणे शहाणपणाचे नाही. मात्र पहिली तीन सामायिक पाने उघडली की त्यांत एक्का दिसण्याचा संभव शंभरांत २२ ते २३ असतो. राण्यांची जोडी असेल तर त्या तीन पानांत एक्का किंवा राजा येण्याचा संभव ४१, आणि गुलामांची जोडी असेल तर तिच्याहून वरचढ पान येण्याचा संभव ५७. म्हणजे गुलामांची जोडी दिसते रुबाबदार, परंतु निम्म्याहून अधिक वेळा तिच्या डोक्यावर कोणीतरी येऊन बसतोच.

एक्का-राजा यांची गोष्ट आणखी निराळी. हे नुसते वचन आहे, हाती आलेली वस्तू नव्हे. पहिल्या तीन पानांत त्यांची जोडी जुळण्याचा संभव तीनांत एकदा. राण्यांच्या जोडीशी गाठ पडली तर एक्का-राजा शंभरांत सुमारे ४४ वेळाच जिंकतात. पण तीच पाने एक्का-राणी घेऊन आलेल्यावर भारी पडतात आणि चारांत तीन वेळा जिंकतात. कोणतेही पान स्वतःच्या जोरावर थोर नसते. समोर काय आहे यावर त्याचे थोरपण ठरते.

ऐंशी टक्क्यांची भूल

एक्क्यांच्या जोडीसमोर राजांची जोडी आली, तर एक्के शंभरांत सुमारे ८२ वेळा जिंकतात. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की आता चिंता संपली. पण हिशेब करून पाहावा. ८० टक्के संभव असलेल्या लढाईत एखाद्याने पाच वेळा सर्वस्व पणाला लावले, तर पाचही वेळा टिकून राहण्याचा संभव किती? ३३ टक्केसुद्धा नाही! प्रत्येक वेळी तो बरोबरच खेळलेला असतो आणि तरीही तीनांतून दोन वेळा त्याला खुर्ची सोडून उठावे लागते. घरच्या खेळात हरलेला माणूस पुढच्या डावाला पुन्हा बसतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत, तेथे पुन्हा प्रवेशाची सोय नसेल तर, पुढचा डाव नसतो.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. डॉइल ब्रनसन या टेक्ससच्या खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे मुख्य स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा अखेरच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी आणि दुर्री, म्हणजे एरवी कोणीही निमूटपणे टाकून द्यावीत अशी पाने. त्या पानांना पुढे त्याचेच नाव पडले. उलट, २००८ च्या मुख्य स्पर्धेत मोतोयुकी माबुची या खेळाडूजवळ एक्क्यांची जोडी होती आणि सामायिक पानांतही दोन एक्के आले. चारही एक्के एकाचे! तरीही तो हरला. कारण समोरच्या जस्टिन फिलिप्सची एकाच चिन्हाची एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी अशी अखंड माळ जुळली होती. हे दोन्ही प्रसंग अपवादाचे आहेत. दश्शी-दुर्री धरून बसण्याचा किंवा एक्के टाकण्याचा धडा त्यांतून कोणी घेऊ नये. घ्यावयाचे ते एवढेच की, खेळाडूच्या हाती निर्णय असतो, निकाल नसतो. निकालावरून निर्णयाची परीक्षा करणारा माणूस या खेळात फार लवकर भरकटतो.

म्हणून कसलेल्या खेळाडूची खूण एक्के खेळण्यात दिसते त्याहून अधिक एक्के सोडण्यात दिसते. सामायिक पानांत एकाच चिन्हाची चार पाने आली, त्या चिन्हाचे पान आपल्याजवळ नाही, आणि दिवसभर मुकाट बसलेला गृहस्थ अचानक मोठी चाल करतो आहे; अशा वेळी “पण माझ्याजवळ एक्के आहेत!” हा विचार निरुपयोगी असतो. आरंभीचे बळ आरंभापुरते. नवे पान उघडले की हिशेब नव्याने मांडावा लागतो. गतवैभवाच्या आठवणीवर घर चालत नाही, तसाच डावही चालत नाही.

समोरासमोरची शिस्त

यंत्रावरचा खेळ आणि टेबलाशी बसून खेळलेला खेळ यांत मोठा फरक आहे. टेबलाशी बसलेल्या माणसाला डोळे, हात, आवाज सारेच सांभाळावे लागते. आपली पाळी येण्यापूर्वी स्वतःची पाने पाहू नयेत, इतरांनी आपापली पाने पाहताना त्यांचे चेहरे न्याहाळावेत, असे जाणकार सांगतात. माइक कॅरो याने १९८४ साली खेळाडूंच्या हावभावांवर एक पुस्तकच लिहिले. चिप्स पुढे सारताना एखाद्याचा हात थरथरू लागला तर नवशिक्याला वाटते, गडी घाबरला. बहुधा ते भय नसते. हाती फार मोठे घबाड आल्यावर सुटलेला तो कंप असतो.

नियमांची जाणही तितकीच महत्त्वाची. तोंडाने काही न बोलता एकच मोठ्या किमतीची चिप पुढे टाकली, तर ती चाल वाढविली असे धरीत नाहीत, नुसती भरली असे धरतात. एक्के हाती असलेला माणूस गडबडीत अशी चिप टाकतो आणि ज्यांना गाळावयाचे तेच चार जण स्वस्तात आत येतात. आधी स्पष्ट शब्दांत चाल सांगावी, मग चिप्सना हात लावावा. आपली पाने आपणच राखावीत, हाही नियमच. त्यांवर हात किंवा एखादी चिप ठेवली नाही आणि डीलरने ती चुकून टाकलेल्या पानांच्या ढिगात ओढली, तर तो डाव बहुधा गेलाच. मग ती पाने एक्के असोत वा दुर्री-तिर्री. दैवाने दिलेले धन अनवधानाने गमाविण्याचा याहून स्वच्छ दाखला सापडणे कठीण.

चिप्स किती उरल्या आहेत, यावरही पानांचे मोल ठरते. ढीग मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट असताना गुलामांच्या जोडीवर सर्वस्व लावणे हा उतावीळपणा. तोच ढीग दहापट उरला असता त्याच जोडीवर सर्वस्व न लावणे हा भित्रेपणा.

एक्के टाकून देण्याची वेळ

आता एक असा प्रसंग पाहू की जेथे साऱ्या सहजबुद्धीचा पराभव होतो. मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देणाऱ्या छोट्या पात्रता-स्पर्धा असतात. समजा, अशा स्पर्धेत दहा जणांना सारखाच प्रवेश मिळावयाचा आहे आणि अकरा जण उरले आहेत. आपला ढीग मोठा आहे. दोन-तीन जणांजवळ एकदोन डावांपुरत्याच चिप्स उरल्या आहेत. त्यांतील कोणी तरी आता जाणारच. इतक्यात आपल्याइतकाच मोठा ढीग असलेल्या खेळाडूने सारे काही पुढे लोटले, आणि आपण पाने पाहिली तर एक्क्यांची जोडी!

खेळलो तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्के जिंकू. पण जिंकून मिळणार काय? तोच एक प्रवेश, जो पाने टाकूनही जवळजवळ नक्की आहे. हरलो तर सारे गेले. अशा वेळी एक्के टाकून देणे हेच गणिताने बरोबर ठरते. पहिल्या क्रमांकाला मोठे बक्षीस असते तेथे असा प्रसंग सहसा येत नाही. तरीही बक्षिसांच्या उंबरठ्यावर गमावलेल्या चिप्सचे मोल कमावलेल्या चिप्सहून अधिक असते, हे तत्त्व तेथेही लागू पडते. सर्वांत बलवान पाने हाती असून ती खाली ठेवता येणे, याला जो संयम लागतो तो पानांबरोबर वाटून मिळत नाही.

कायदा आणि घर

हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर आपल्या देशात दीर्घकाळ वाद चालला आहे. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला आणि तीनपत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले. पोकरविषयी मात्र एकवाक्यता नाही. नागालँडने २०१६ च्या कायद्यात त्याला कौशल्याच्या खेळांत बसविले, तर २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने तो जुगारच ठरविला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने तर पैसे लावून ऑनलाइन खेळावयाचे सारेच खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध केले.

वर मांडलेले आकडे पाहता दोन्ही पक्षांत तथ्य आहे असेच म्हणावे लागते. दीर्घ पल्ल्यात कौशल्य जिंकते, यात शंका नाही. परंतु तो पल्ला फार दीर्घ असतो आणि तेथवर पोचण्याइतके भांडवल व धीर सामान्य गृहस्थाजवळ नसतो. एका स्पर्धेत, एका रात्रीत उत्तम खेळाडूही हरतो. मुलाच्या तोंडून “आमचा हा खेळ बुद्धीचा आहे” असे ऐकले की पालकांनी त्याला झिडकारू नये आणि त्याच्या म्हणण्यावर भुलूही नये. त्याला फक्त विचारावे: पाच वेळा ऐंशी टक्के म्हणजे किती, हे तू मांडून पाहिलेस का? आणि हरलास तर ते पैसे कोणाचे?

महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा आपण सारेच जाणतो. द्यूतात राज्य घालवून बसलेला नल सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत असता वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण नुसत्या दृष्टिक्षेपाने त्याची पाने व फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तो संख्या बरोबर! मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षांचे हृदय, म्हणजे द्यूताचे रहस्य शिकवितो. मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच गुरूजवळ असावी, ही त्या कथाकाराची दृष्टी विलक्षण खरी आहे. आणि ते रहस्य कळताच काय घडते? इतकी वर्षे नलाच्या अंगात ठाण मांडून बसलेला कली त्याच्या देहातून बाहेर पडतो.